डिस्ट्रेस ऑक्साइड शाई: शुभेच्छापत्रांच्या पार्श्वभूमीसाठी कितपत उपयोगी?

हाताने शुभेच्छापत्रे करणाऱ्यांना रेंजर या अमेरिकी कंपनीच्या डिस्ट्रेस मालिकेतल्या शाया आता चांगल्याच परिचयाच्या झाल्या आहेत. न्यू जर्सीतल्या या कंपनीने टिम होल्ट्झ या हस्तकलाकाराच्या नावाने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘डिस्ट्रेस इंक’ बाजारात आणली आणि 2017 मध्ये ‘डिस्ट्रेस ऑक्साइड’ ही दुसरी शाई सुरुवातीला 12 रंगांत आणली. दोन्हींचे पॅड दिसायला जवळजवळ सारखे आहेत आणि रंगांची नावेही तीच आहेत, त्यामुळे ऑनलाइन मागवताना एकीच्या जागी दुसरी पदरात पडणे अगदी सोपे आहे. प्रत्यक्षात कागदावर या दोन शाया इतक्या वेगळ्या वागतात की एकीसाठी दाखवलेली पद्धत दुसरीला लावली तर हाती भलतेच काही येते. शिक्के मारणे, कडा रंगवणे, कापड किंवा लाकूड रंगवणे अशी या शायांची इतर अनेक कामे आहेत. येथे फक्त शुभेच्छापत्राची पार्श्वभूमी करण्यापुरताच विचार केला आहे.

माझे मत आधीच सांगते. पार्श्वभूमीसाठी पहिला पॅड घ्यायचा असेल तर तो ऑक्साइडचा घ्यावा. मात्र त्याआधी बरा कागद घ्यावा आणि कागदाला पैसे उरत नसतील तर शाईचा एक पॅड कमी घ्यावा.

ऑक्साइडचे वेगळेपण तिच्या घटकांत आहे. मूळची डिस्ट्रेस इंक ही पूर्णपणे डाय शाई आहे, म्हणजे तिच्यातला रंग पाण्यात विरघळलेला असतो आणि तो कागदाच्या तंतूंमध्ये मुरतो. ऑक्साइडमध्ये डायबरोबर पिगमेंटही असते. पिगमेंट विरघळत नाही; त्याचे बारीक कण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि खालचा रंग काही प्रमाणात झाकतात. त्यामुळे ऑक्साइड वाळल्यावर खडूसारखी मऊ, किंचित दुधाळ दिसते. तिच्यावर पाणी पडले की डाय पाण्याबरोबर सरकतो, पिगमेंट आहे तिथेच राहते आणि त्या जागी फिकट, पांढुरका ठसा उमटतो. जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट पुटे चढतात तशी ती झाक दिसते आणि शाईचे नावही त्यावरूनच आलेले आहे.

हा गुण जवळून पाहायचा असेल तर एक सोपा प्रयोग करावा. पांढऱ्या जाड कागदावर ‘फेडेड जीन्स’ हा गडद निळा रंग फोमने एकसारखा घोटून लावावा, बोटे पाण्यात बुडवून त्यावर चार थेंब झटकावेत आणि काही न करता थांबावे. सुरुवातीला थेंब नुसते ओले, गडद दिसतात. थोड्या वेळाने त्यांच्या कडेला एक बारीक काळसर रेघ जमू लागते, कारण पाणी कडेकडे रंग ढकलत असते. मग कोरड्या टिश्यूने थेंब वरच्यावर, न घासता टिपला की आत फिकट निळसर वर्तुळ आणि भोवती गडद कडा राहते. थेंब लवकर टिपला तर वर्तुळ पुसट राहते आणि उशिरा टिपला तर अधिक फिके होते. दिवाळीच्या पत्रावर रात्रीचे आकाश करायचे असेल तर एवढ्या एका कृतीत तारे, धुके आणि आकाशाची खोली असे सगळे मिळते. हाच प्रयोग साध्या डिस्ट्रेस इंकवर केल्यासही ठसे उमटतात, पण ते पारदर्शक आणि अधिक तजेलदार असतात. त्यांत तो दुधाळपणा नसतो.

आता लावण्याच्या पद्धतीकडे येऊ. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत ब्लेंडिंगची आहे. लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीला लावलेला गोल फोम पॅडवर टेकवायचा, कागदाबाहेरच्या मॅटवर गोल फिरवायला सुरुवात करायची आणि फिरवत फिरवतच कागदावर यायचे. थेट कागदावर फोम टेकवला की तिथे फोमच्या आकाराचा गडद डाग पडतो आणि तो पुढे कितीही घोटले तरी पूर्ण जात नाही. डाय शाईच्या बाबतीत तर हा डाग कायमचाच समजावा. ऑक्साइडमध्ये पिगमेंट असल्यामुळे आजूबाजूचा रंग चढवून तो बराचसा झाकता येतो. ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांच्यासाठी ऑक्साइडचा हा मोठाच फायदा आहे. फोमऐवजी मऊ, दाट केसांचे ब्लेंडिंग ब्रश मिळतात आणि रंग हळूहळू चढवण्यासाठी ते अधिक चांगले असतात. मेकअपसाठी मिळणारे दाट केसांचे लंबगोल ब्रशही हेच काम करतात आणि ते कोणत्याही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात स्वस्तात मिळतात, त्यामुळे महागड्या संचाच्या मागे लागण्याचे कारण नाही. फक्त प्रत्येक रंगकुटुंबाला वेगळा ब्रश ठेवावा: पिवळ्या-केशरीला एक, गुलाबी-जांभळ्याला एक, निळ्या-हिरव्याला एक.

दुसरी पद्धत अधिक मोकळी आहे आणि माझ्या मते ऑक्साइड तिच्यातच खरी खुलते. काचेच्या किंवा न चिकटणाऱ्या क्राफ्ट मॅटवर पॅड थेट दाबून शाईचे दोन-तीन पट्टे उमटवायचे, त्यांवर स्प्रे बाटलीने पाणी मारायचे, शाईचे थेंब जमले की कागद उपडा करून त्यांत हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. इंग्रजीत या प्रकाराला स्मूशिंग म्हणतात. पहिल्या टेकवण्यात कागदावर जेमतेम निम्मा रंग येतो आणि मध्ये पांढऱ्या जागा राहतात. या टप्प्यावर घाईने पुन्हा पुन्हा कागद बुडवण्याचा मोह आवरावा. हीट गनने किंवा साध्या हेअर ड्रायरने कागद पूर्ण वाळवावा आणि मगच दुसऱ्यांदा उरलेल्या थेंबांत टेकवावा. वाळलेल्या थरावर नवा थर बसला की दोन्ही रंग वेगवेगळे दिसतात, त्यांच्या कडा एकमेकींवर चढतात आणि पाण्याच्या लहरींसारखी नक्षी तयार होते. तिसऱ्या थरात मॅटवरचे अगदी बारीक उरलेले थेंब टिपून घ्यावेत. पार्श्वभूमीला जिवंतपणा येतो तो बहुतेक वेळा याच थेंबांमुळे. हीट गन असल्यास ती कागदापासून जरा लांब धरावी, नाहीतर थेंब वाऱ्याने पळतात आणि लांबट ओघळ उमटतात. ते ओघळ हवे असतील तर गोष्ट वेगळी.

या पद्धतीचा आणखी एक फायदा काटकसरीचा आहे. मॅटवर उरलेली शाई पुसून टाकण्याऐवजी दुसरा कागद तिच्यावर दाबला तर एक फिकट, शांत पार्श्वभूमी फुकटात मिळते. शोकसंदेशाच्या किंवा आजारी माणसाला पाठवायच्या पत्रासाठी ती अनेकदा मूळ गडद कागदापेक्षा जास्त शोभते.

रंगांच्या निवडीबाबत मात्र दोन्ही शायांना सारखीच शिस्त लागते. रंगचक्रात एकमेकांशेजारी असलेले रंग एकत्र आले की नवा, स्वच्छ रंग तयार होतो. समोरासमोरचे रंग ओले असताना मिसळले की चिखल होतो. ‘फॉसिलाइज्ड अँबर’, ‘स्पाइस्ड मार्मलेड’ आणि ‘वॉर्न लिपस्टिक’ हे पिवळा, नारिंगी आणि गुलाबी असे तीन रंग कोणत्याही क्रमाने, कितीही पाणी घालून वापरले तरी बिघडत नाहीत, आणि पणती, आकाशकंदील किंवा तोरणाच्या काळ्या आकृतीमागे त्यांच्यासारखी सांजवेळ दुसऱ्या कशाने साधत नाही. ‘ब्रोकन चायना’, ‘फेडेड जीन्स’ आणि ‘विल्टेड व्हायोलेट’ ही दुसरी भरवशाची त्रयी आहे. केशरीशेजारी हिरवा हवाच असेल, जसा तो 15 ऑगस्टच्या किंवा गुढीपाडव्याच्या पत्रावर हवासा वाटतो, तर मध्ये कोऱ्या कागदाची पट्टी सोडावी किंवा मध्ये पिवळा घ्यावा आणि एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. वाळवून घेतल्यास ऑक्साइड येथे डायपेक्षा बरीच सांभाळून घेते, कारण वरचा पिगमेंटयुक्त थर खालच्या रंगावर बसतो, त्यात पूर्ण विरघळत नाही. डाय शाईत वाळलेला रंगही पाणी लागताच पुन्हा जागा होतो आणि नव्या रंगात मिसळतो.

तपकिरी क्राफ्ट कागदावर किंवा काळ्या कार्डस्टॉकवर काम करायचे असेल तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. डाय शाई काळ्यावर दिसतच नाही आणि क्राफ्टवर मळकट दिसते. ऑक्साइड काळ्यावर अस्पष्ट, खडूने चितारल्यासारखी उमटते, आणि क्राफ्टवर तर फारच सुंदर दिसते. काळ्या कागदावर तिचा रंग पांढऱ्या कागदाइतका तेजस्वी येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

असे असूनही जुनी डिस्ट्रेस इंक मोडीत निघालेली नाही आणि दोन कामांसाठी मी अजूनही तीच हातात घेते. पहिले काम एम्बॉसिंग रेझिस्टचे आहे. व्हर्सामार्कसारख्या चिकट, रंगहीन शाईने कागदावर शिक्का मारायचा, त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकून हीट गनने वितळवायची आणि मग संपूर्ण कागदावर शाई घोटायची. पावडर वितळून झालेल्या चकचकीत रेषा शाई घेत नाहीत, त्यामुळे रंगाच्या मधून कोरी नक्षी उजळून येते. शेवटी रेषांवर उरलेली शाई कापडाने पुसून घ्यावी लागते. डाय शाई हे काम लख्ख करते. ऑक्साइडचे पिगमेंट रेषांवर पुसट पडदा ठेवते आणि तो काढायला ओलसर कापडाने नेटाने पुसावे लागते. रांगोळीचा ठिपक्यांचा शिक्का किंवा वारली नक्षी या पद्धतीने करायची असेल तर डायच घ्यावी. दुसरे काम जुनाट कागदाचा भास निर्माण करण्याचे. ही शाई मुळात त्यासाठीच निघाली, आणि ‘विंटेज फोटो’ व ‘वॉलनट स्टेन’ हे दोन तपकिरी रंग कडांना घोटून मध्ये थोडे पाणी शिंपडले की नवा कोरा कागद पाहता पाहता पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथीच्या पानाचे रूप घेतो. ऑक्साइडमध्येही हे रंग आहेत, पण तिच्या दुधाळपणामुळे कागद जुना न वाटता धुळकट वाटतो.

कागदाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या शायांविषयीच्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात कागदाच्या असतात. छापखान्यात आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात मिळणारे गुळगुळीत आर्ट कार्ड जाड असते, स्वस्त असते आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर हवे तितके मिळते. पण त्याच्यावर लेप असतो, त्यामुळे शाई मुरत नाही, फोम घसरतो आणि रंगाचे ठिपके पडतात. ते छपाईसाठी उत्तम आणि या कामासाठी निरुपयोगी आहे. शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळणारा साधा कार्डशीट उलट टोकाला जातो: तो शाई पडल्या क्षणी शोषतो, पुढे रंग सरकूच देत नाही आणि पाणी मारल्यावर त्याचे तंतू सुटून बारीक गोळ्या निघू लागतात.

अमेरिकेतल्या बहुतेक कलाकारांचे व्हिडिओ नीना या कंपनीच्या ‘सोलर व्हाइट’ कागदावर केलेले असतात. तो 80 आणि 110 पाउंड अशा जाडीत मिळतो, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 216 आणि 298 जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). कोरड्या ब्लेंडिंगसाठी तो अप्रतिम आहे, पण भरपूर पाण्याच्या कामासाठी तो बनलेला नाही. भारतात बसून त्याच्यासाठी आयातीचा खर्च करण्यापेक्षा कामानुसार दोन कागद ठेवावेत. नुसत्या ब्लेंडिंगला आणि स्टेन्सिलला 250 जीएसएमच्या पुढचा ब्रिस्टल, म्हणजे चित्रकलेचा गुळगुळीत जाड कागद पुरतो. पाणी येणार असेल तर 300 जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्यावा आणि शक्य असल्यास हॉट प्रेस प्रकारचा, म्हणजे कमी खरबरीत घ्यावा. कोल्ड प्रेस कागद सगळीकडे सहज मिळतो आणि स्मूशिंगला तो छानच आहे, पण त्याच्या दाणेदार पोतावर नंतर बारीक अक्षरांचा शिक्का मारला तर अक्षरे तुटतात. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला हातकागद या शायांसाठी वापरावा का, असे अनेकजण विचारतात, आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेमुळे पुणेकरांना तर तो मोह होणारच. हातकागदात खळीचे प्रमाण पाहून घ्यावे. खळ कमी असेल तर शाई टिपकागदासारखी आत जाते आणि मागून बाहेर येते; खळ बरी असेल तर फाटक्या कडांचा तो कागद आणि ऑक्साइडचा खडूसारखा पोत यांची जोडी फार देखणी दिसते. दुकानात उभ्या उभ्या परीक्षा करायची तर नमुन्याच्या तुकड्यावर बोटाने पाण्याचा थेंब ठेवून पाहावे. थेंब काही क्षण उभा राहिला तर कागद घ्यावा.

मापाबाबत एक व्यावहारिक सूचना. इंग्रजी व्हिडिओंत दाखवतात ते 4.25 गुणिले 5.5 इंचांचे पत्र अमेरिकी लेटर कागदातून निघते. आपल्याकडे ए-4 कागद अर्धा कापून प्रत्येक तुकडा दुमडला की ए-6 पत्र तयार होते आणि ते सी-6 पाकिटात बसते. पार्श्वभूमीचा कागद त्याहून चारी बाजूंनी थोडा लहान, साधारण 100 गुणिले 143 मिलिमीटर कापावा आणि शेवटी पत्रावर चिकटवावा. पत्राच्या दुमडलेल्या कागदावर थेट पाण्याचे काम करू नये. तो वाकतो आणि पत्र पुन्हा सरळ उभे राहत नाही. वेगळा रंगवलेला कागद वाकला तरी वाळल्यावर जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवला की सरळ होतो.

एवढा खर्च न करता हे काम देशी शायांत होणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या विकत सुरू केलेली कंपनी, म्हणजे आजची कोकुयो कॅमलिन, तिचे दोन प्रकारचे रंग या संदर्भात तपासण्यासारखे आहेत. कॅमलच्या पारदर्शक फोटो कलरच्या छोट्या बाटल्या मुळात कृष्णधवल छायाचित्रे हाताने रंगवण्यासाठी वापरल्या जात. हा रंग तीव्र डाय आहे. त्याचा एखादा थेंब मॅटवर टाकून भरपूर पाणी मारले आणि कागद टेकवला तर स्मूशिंग उत्तम होते, रंग डिस्ट्रेस इंकपेक्षा झगझगीत येतात आणि एका आयात पॅडच्या किमतीत अनेक बाटल्या येतात. पण फोमने घोटण्यासाठी तो चालत नाही. डिस्ट्रेस शाया मुद्दाम जास्त वेळ ओल्या राहतील अशा केलेल्या आहेत, त्यामुळे फोम फिरतो तोवर रंग सरकत राहतो. फोटो कलर कागदाला लागला की तिथेच धरून बसतो आणि पट्टे दिसू लागतात. शिवाय हा रंग प्रकाशात उडतो, तेव्हा भिंतीवर लावायच्या कामाला तो घेऊ नये. कॅमलची जलरोधक ड्रॉइंग इंक याच्या नेमकी उलट आहे. वाळल्यावर तिच्यावर पाणी टाकले तरी ठसा उमटत नाही, म्हणून ऑक्साइडचा खेळ तिच्यात नाही. पण ओल्या कागदावर ओल्या शाईचे थेंब सोडून पसरू दिले तर पुढे हवे तेवढे पाणी, जलरंग किंवा शाई वर चढवता येते. मर्यादित खर्चात शिकायचे असेल तर स्मूशिंग फोटो कलरवर शिकावे आणि ब्लेंडिंगसाठी म्हणून ऑक्साइडचे मोजके पॅड घ्यावेत, असे मी सुचवेन. दुधाळ झाक हवी असेल तर फोटो कलरच्या पाण्यात पांढऱ्या पोस्टर कलरचा अगदी थोडा अंश मिसळून पाहावा. ऑक्साइडची हुबेहूब नक्कल होत नाही, तरी त्या वाटेवर बरेच जवळ जाता येते.

पार्श्वभूमी झाल्यावर तिच्यावर मजकूर उमटवताना ऑक्साइडचे दोन हट्ट सांभाळावे लागतात. पहिला ओलाव्याचा. शाई वरून वाळल्यासारखी दिसली तरी आत दमट राहते आणि अशा वेळी पांढरी एम्बॉसिंग पावडर टाकली तर ती शिक्क्याच्या अक्षरांबाहेरही जागोजाग चिकटते. त्यासाठी कागद आधी हीट गनने पुरता सुकवावा आणि शिक्का मारण्यापूर्वी अँटिस्टॅटिक पुरचुंडी फिरवावी. ती नसेल तर जुन्या मोज्यात थोडी टाल्कम पावडर बांधून फिरवली तरी चालते. दुसरा हट्ट काळ्या शाईचा. डिस्ट्रेसच्या रंगांवर डिस्ट्रेसच्याच काळ्या शाईने अक्षरे उमटवू नयेत, कारण तीही पाण्याला जागी होणारी आहे. रेंजरचीच आर्काइव्हल शाई किंवा व्हर्साफाइनसारखी पिगमेंट शाई घ्यावी. व्हर्साफाइनने अक्षरे जास्त टोकदार येतात, पण तिला वाळायला वेळ द्यावा लागतो.

अक्षरांवरून आठवले. देवनागरी शुभेच्छांचे तयार शिक्के अजूनही फार थोडे मिळतात आणि जे मिळतात त्यांत ‘शुभ दीपावली’च्या पुढे फारशी मजल जात नाही. यावर उपाय गल्लीतच आहे. ऑफिसचे शिक्के बनवून देणाऱ्या दुकानदाराकडे आपल्या हस्ताक्षराचा कागद स्वच्छ काळ्या शाईत लिहून न्यावा आणि मुठीशिवाय नुसता पॉलिमरचा शिक्का मागावा. तो पारदर्शक ॲक्रिलिक ठोकळ्यावर चिकटवून वापरता येतो. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार फार बारीक ठेवू नयेत. ऑक्साइडच्या खडबडीत थरावर पहिल्यांदा अनुस्वार गळतो. वाढदिवस, बारसे, साठीशांत, नवी नोकरी, गृहप्रवेश असे आपल्या घरांतले प्रसंग तयार शिक्क्यांत कुणी आणत नाही, ते या मार्गाने येतात.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव शाईच्या स्वभावातच आहे: पाण्याला प्रतिसाद देणे हाच जिचा गुण, ती वाळल्यावरही पाण्यापासून सुरक्षित नसते. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात केलेली पत्रे उघडी ठेवली तर दमट हाताचे ठसे त्यांवर उमटतात आणि टपालात पाकीट भिजले तर आतली पार्श्वभूमी आपल्या परवानगीशिवाय नवी नक्षी धारण करते. रेंजरचेच मेणासारखे मायक्रो ग्लेझ बोटाने हलके चोळून कागद बऱ्यापैकी जलरोधक करता येतो. चित्रकलेच्या दुकानातला फिक्सेटिव्ह स्प्रेही उपयोगी पडतो, पण तो लांबून आणि हलक्या थरांत मारावा, कारण जवळून मारलेला ओला फवारा ठसे पाडू शकतो. ऑक्साइड जाड थरात लावली असेल तर बोटाला किंचित रंगही लागतो, म्हणून पत्र पाकिटात घालण्यापूर्वी पारदर्शक पिशवीत सरकवलेले बरे.

दुसरी उणीव नावांची आहे. ‘ब्रोकन चायना’ म्हटल्यावर निळसर फिरोजी आणि ‘विल्टेड व्हायोलेट’ म्हटल्यावर जांभळा हे ओळखता येते, पण सगळीच नावे इतकी बोलकी नाहीत, आणि झाकणावरच्या रंगावर विसंबावे तर कागदावर उतरणारा रंग अनेकदा त्याच्याहून फिका किंवा वेगळा निघतो. पॅड आल्या दिवशीच एका कागदाच्या तुकड्यावर अर्धा रंग कोरडा घोटून आणि अर्ध्यावर पाणी शिंपडून नमुना करावा व तो पॅडबरोबर ठेवावा.

तिसरी बाब किमतीची आणि खरेदीची. भारतात एक पॅड पाचशे रुपयांच्या वर पडतो आणि आयातीनुसार किंमत वरखाली होत राहते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मला आलेला पॅड इतका कोरडा होता की शिक्क्याला जेमतेम रंग लागला, आणि परत करायला गेल्यावर ‘उघडलेले सामान घेत नाही’ असे उत्तर आले. न उघडता पॅड कोरडा आहे हे ओळखायचे कसे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. म्हणून विक्रेत्याची परतीची अट आधी वाचावी, पॅड उघडताना व्हिडिओ काढावा आणि फार मोठ्या सवलतीत विकल्या जाणाऱ्या जुन्या साठ्यापासून दूर राहावे.

संच घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांना एवढेच सांगेन की वर सांगितलेल्या दोन त्रयींपैकी एक निवडावी आणि त्या तीन रंगांनी एक दिवाळी निभवून न्यावी. तीन शेजारच्या रंगांत दर वेळी वेगळी पार्श्वभूमी निघते. बारा रंगांच्या संचातले निम्मे पॅड मात्र डब्यात तसेच पडून राहतात. चौथा पॅड घ्यायचा झाला तर तो नवा रंग नसावा, आहे त्या त्रयीतल्या सर्वांत जास्त संपणाऱ्या रंगाची रीइंकर बाटली असावी. अर्ध्या औंसाच्या त्या बाटलीतले काही थेंब पॅडच्या फेल्टवर सर्वत्र टाकून चमच्याच्या पाठीने दाबून पसरवले की पॅड पुन्हा रसरशीत होतो, आणि तेच थेंब मॅटवर पाण्यात टाकले तर स्मूशिंगसाठी पॅड झिजवावाही लागत नाही. ऑक्साइडची बाटली वापरण्यापूर्वी जोरात हलवून घ्यावी, कारण पिगमेंट तळाशी बसते आणि न हलवता घेतलेले वरचे थेंब नुसत्या डायसारखे वागतात.